पुन्हा न करण्याचा हक्क



आज मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे ते पुण्यात, मुंबईत, नाशिक-नागपुरात हजारो मुलंमुली रोज करतात आणि घरी त्याबद्दल क्वचितच बोलतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्याला बिल्ड म्हणतात. प्रोग्रामर लिहितो तो मजकूर माणसाला वाचता यावा असा असतो. तो संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायचा, त्याचे तुकडे एकमेकांना जोडायचे, चाचण्या घ्यायच्या आणि शेवटी ग्राहकाच्या यंत्रावर बसवता येईल असा संच तयार करायचा, हे सगळं मिळून बिल्ड. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलचा प्रोग्राम दोन सेकंदांत होतो. बँकेची किंवा विमा कंपनीची प्रणाली असेल, एखादा ब्राउझर असेल, तर पहिल्यापासून सगळं करायला तासन्‌तास जाऊ शकतात.

अशी प्रणाली अनेक प्रोजेक्टांत वाटलेली असते. पडद्यावर दिसणारा भाग एका प्रोजेक्टात, व्याजाचा हिशेब दुसऱ्यात, डेटाबेसशी बोलणारा भाग तिसऱ्यात, आणि तारखा, रकमा अशा सर्वांना लागणाऱ्या गोष्टी चौथ्यात. वरचा खालच्यावर अवलंबून. या नात्याला आमच्याकडे डिपेंडन्सी म्हणतात. आता समजा, मी पडद्यावरच्या एका बटणाचं नाव बदललं. त्यानं व्याजाच्या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही. तरी पुष्कळ ठिकाणी बिल्ड चौथ्या प्रोजेक्टापासून सुरू होतो आणि ज्यांना कुणी हात लावलेला नाही असे तीनही प्रोजेक्ट नव्याने तयार होतात. माणूस पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत बसतो. दहा मिनिटांनी त्याला बटण दिसतं, आणि नावात एक वेलांटी चुकलेली असते. पुन्हा दहा मिनिटं.

आधी तयार असलेलं वगळा, हा उपाय कुणालाही सुचेल. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी दळून ठेवलेली असेल तर कुणी नव्याने तांदूळ-डाळी भाजायला घेत नाही. पण डबा उघडताना ‘ही यंदाचीच ना?’ एवढं विचारलं जातंच. सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न कुणी विचारायचा आणि त्याचं उत्तर खरं कशावरून मानायचं, याचा शोध जवळजवळ पन्नास वर्षं चालू आहे. मला त्यातून जे उमगलं ते असं, की काम वगळण्याचा हक्क नोंदीतून मिळतो. नोंद पुरी असेल तर यंत्र बेलाशक काम सोडून देऊ शकतं. ती अपुरी असेल तर वेगाच्या नावाखाली अंदाज चालतो, आणि तो अंदाज कधी चुकला हे फार उशिरा कळतं.

सुरुवात १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम जिथे जन्मली तीच ही प्रयोगशाळा. तिथे स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, ज्यांनी याक हे प्रसिद्ध साधन लिहिलं, नशिबाला बोल लावत त्यांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती, आणि प्रोग्राम बरोबर होता. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. मात्र दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायची, राहिली होती. शेवटच्या जोडणीत जुनाच तुकडा गेला आणि दुरुस्त झालेली चूक पडद्यावर दिसत राहिली. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांच्यावरही हाच प्रसंग गुदरला होता. त्या शनिवार-रविवारी त्यांनी एक साधन लिहून काढलं. त्याचं नाव मेक.

ही हकिगत मी मुद्दाम सांगतो, कारण मेक वेळ वाचवण्यासाठी जन्मलं असं पुष्कळांना वाटतं. जॉन्सन यांची तक्रार उलट होती. जे करायला हवं होतं ते झालं नव्हतं, आणि झालं नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. खरेपणासाठी जी व्यवस्था बसवली तिच्यातूनच पुढे वेग मिळाला. २००३ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने फेल्डमन यांना मेकबद्दल सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार दिला. आजही जगभर लिनक्सचा गाभा तयार होतो तो मेकनेच.

मेकची रीत अशी. तुम्ही एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं, की अमुक गोष्ट तमुक गोष्टींपासून बनते आणि ती बनवण्याची आज्ञा ही. मेक प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली याची वेळ बघतं. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तर आज्ञा चालवायची, नसेल तर पुढे जायचं. बस्स, एवढंच. इतकी साधी कल्पना पाच दशकं टिकली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. फाइलवरची वेळ ऑपरेटिंग सिस्टीम आपणहून ठेवते, तेव्हा वेगळी वही ठेवायची गरजच नव्हती. १९७६ च्या यंत्रांवर हे फार मोठं शहाणपण होतं.

पण वेळ ही बदलाची खूण आहे, प्रत्यक्ष बदल नव्हे, आणि या दोहोंमधल्या फटीतून चुका आत येतात. आजच्या कामाच्या रीतीत ही फट किती रुंद झाली आहे बघा. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधून कोड नव्याने उतरवून घेतला की सगळ्या फाइलींवर उतरवल्याची वेळ पडते, कारण मूळ बदलाची वेळ फाइलवर लावायचं काम गिट करत नाही. मग काहीही बदललेलं नसताना सगळं नवं दिसतं आणि बिल्ड मुळापासून सुरू होतो. याच्या उलटही घडतं. बॅकअपमधून जुनी फाइल तिच्या जुन्या वेळेसकट परत आणली तर तिचा मजकूर बदललेला असतो, पण वेळ मागची असते. मेक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फाइली एका यंत्रावर आणि बिल्ड दुसऱ्या यंत्रावर असेल, दोन्हींची घड्याळं जुळत नसतील, तर मेक स्वतःच इशारा देतं की घड्याळात तफावत आहे, बिल्ड अपुरा राहिला असेल. हा इशारा लॉगमध्ये वर्षानुवर्षं येत राहतो आणि वाचणारा कुणी नसतो.

त्याहून खोल अडचण वेगळी आहे. जे नोंदवलेलंच नाही त्याची वेळ तपासणार कोण? सी भाषेतली एक फाइल दुसऱ्या फाइलींना आपल्यात ओढून घेते. त्यांना हेडर म्हणतात. हेडर बदललं आणि त्याचा उल्लेख मेकच्या यादीत नसेल, तर जॉन्सन यांची ती सकाळ पुन्हा उगवते. म्हणून पुढे कंपायलरलाच सांगितलं गेलं, की तू ज्या ज्या फाइली उघडल्यास त्यांची यादी लिहून दे. जीसीसी हा कंपायलर हे आजही करतो. मला ही फार मोलाची पायरी वाटते. माणसाने आठवून लिहिलेली यादी आणि यंत्राने वापर बघून लिहिलेली यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लिनक्सच्या गाभ्याची बिल्ड व्यवस्था आणखी एक पाऊल पुढे जाते. प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने, कोणत्या पर्यायांनी कंपाइल केली ती आज्ञाच शेजारच्या एका लहान फाइलमध्ये साठवते. पुढच्या वेळी आज्ञेत एक अक्षर जरी बदललं तरी फाइल पुन्हा कंपाइल होते, मग मजकूर तोच का असेना. कच्च्या मालाइतकीच कृतीही महत्त्वाची, हे त्यांनी ओळखलं.

१९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या पीटर मिलर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या प्रणालीत प्रत्येक फोल्डरला स्वतंत्र मेक यादी ठेवून एका मेकने दुसरं मेक चालवायचं, ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत होती. मिलर म्हणाले, ही पद्धत घातक आहे. डिपेंडन्सींचा आराखडा एकच असतो. तुम्ही त्याचे तुकडे केलेत तर कुठल्याच तुकड्याला पूर्ण चित्र दिसत नाही. मग कुठे काम राहून जातं, आणि ते राहू नये म्हणून माणसं सगळं दोन-दोनदा चालवतात. बिल्ड हळू का होतो याचं इतकं नेमकं निदान मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आपण यंत्राला दोष देतो, जादा मेमरी मागतो, आणि मूळ दुखणं आराखडा फाटल्याचं असतं.

आता आपल्याकडच्या एका ऑफिसच्या मजल्यावर येऊ. कंपनीचं नाव सांगत नाही, शहर पुणे. जावा भाषेतली प्रणाली, मेव्हन हे बिल्डचं साधन, आणि चाळीसएक मॉड्यूल, म्हणजे प्रोजेक्टच. नवीन रुजू झालेल्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतात, ‘क्लीन इन्स्टॉल मार आणि चहा घेऊन ये.’ क्लीन म्हणजे आधी तयार झालेलं सगळं पुसणं. मग कुणीतरी जाणकार त्याला सांगतो, की अरे, सगळं कशाला करतोस, मेव्हनला फक्त तुझ्या मॉड्यूलचं नाव दे. खरंच, बिल्ड एका मिनिटात होतो. मुलगा खूश.

पडद्यामागे काय झालं ते नीट पाहू. मेव्हनच्या तिसऱ्या पिढीत एकाच मॉड्यूलचं नाव दिलं आणि ‘त्याला लागणारेही कर’ असं सांगितलं नाही, तर लागणारी शेजारची मॉड्यूल ते कोडमधून घेत नाही. प्रत्येकाच्या यंत्रावर मेव्हनचा एक घरचा साठा असतो. त्यात त्या मॉड्यूलची जी तयार फाइल, म्हणजे जार, शेवटची ठेवली गेली असेल ती उचलली जाते. ती कधी ठेवली? गेल्या मंगळवारी कदाचित. कोडच्या कुठल्या शाखेवर, म्हणजे ब्रँचवर, असताना? तेव्हा तो मुलगा सहकाऱ्याची ब्रँच तपासत होता. त्या ब्रँचमध्ये रकमेचे पैसे पूर्णांकात आणायची रीत बदललेली होती, आणि ती रीत अजून कुणी मंजूरही केली नव्हती. आता याच्या यंत्रावर व्याजाचा आकडा काही पैशांनी वेगळा येतो. शेजारच्या सहकाऱ्याच्या यंत्रावर बरोबर येतो. दोघं एकाच कोडकडे बोट दाखवतात, आणि दोघांचंही खरं असतं. दोन दिवस जातात. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘क्लीन मारून बघ’, आणि अडचण नाहीशी होते. कारण कुणालाच कळत नाही, तेव्हा त्या दिवसापासून अख्खी टीम दर वेळी क्लीन मारू लागते. एका माणसाचे दोन दिवस वाचावेत म्हणून सगळ्यांचा रोजचा वेळ पणाला लागतो.

डॉटनेटवाल्यांकडे हीच गोष्ट वेगळ्या वेशात आहे. तिथे ‘डिपेंडन्सी सोडून फक्त हा प्रोजेक्ट कर’ असा पर्याय आज्ञेतच दिलेला आहे. एमएसबिल्ड या तिथल्या बिल्ड साधनाला तसं सांगणारा गुणधर्मही आहे. खालचे प्रोजेक्ट आत्ताच तयार झाले आहेत हे ठाऊक असेल, तर हा पर्याय उत्तम. बिल्ड सर्व्हरवर पहिल्या टप्प्यात सगळं तयार केलं आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त संच बांधायचा, अशा वेळी तो जरूर वापरावा. तिथे मधल्या वेळात कुणी कोडला हात लावलेला नसतो आणि ते सिद्ध करता येतं. मात्र रोजच्या हाताने करायच्या कामात ही कळ म्हणजे ‘मला आठवतंय, काही बदललं नाही’ असं यंत्राला दिलेलं वचन आहे. सकाळी इतरांचे बदल ओढून (पुल) घेतल्यावर खालच्या प्रोजेक्टात काय काय आलं हे कुणाला आठवतं? चाळीस प्रोजेक्ट असतील तर मुळीच नाही.

म्हणून मी तरुणांना सांगतो, की ती कळ दाबण्याआधी एक प्रश्न विचारा: यंत्राला हे आपणहून का कळत नाही? उत्तर बहुधा क्षुल्लक निघतं. डॉटनेटमध्ये एखादी फाइल ‘नेहमी कॉपी कर’ अशी लावलेली असते. ती दर वेळी कॉपी व्हायलाच हवी असल्याने व्हिज्युअल स्टुडिओ त्या प्रोजेक्टाला कधी ‘अद्ययावत’ म्हणतच नसे, आणि त्याच्या वरचे सगळे पुन्हा तपासले जात. ‘नवी असेल तरच कॉपी कर’ एवढा बदल केला की प्रोजेक्ट आपसूक वगळला जातो. दुसरीकडे एखादी स्क्रिप्ट दर बिल्डला आवृत्ती क्रमांकाची फाइल नव्याने लिहिते. आत तोच आकडा असतो, पण वेळ नवी, आणि तेवढ्याने सगळा डोलारा हलतो. मजकूर खरोखर बदलला तरच फाइल लिहा, अशी एक अट त्या स्क्रिप्टमध्ये घातली की काम भागतं. असल्या दुरुस्तीचा गाजावाजा होत नाही, बढतीच्या अर्जात तिला ओळ मिळत नाही. माझ्या मते ती मिळायला हवी.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवत. सिद्ध झालेलं प्रमेय पुन्हा सिद्ध करू नका, पण त्याच्या अटी इथे लागू पडतात हे लिहून दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. बिल्डच्या शास्त्रात हाच आग्रह हॅशच्या रूपाने आला. फाइलची वेळ बघण्याऐवजी तिचा मजकूर एका गणिती क्रियेतून काढायचा. ही क्रिया मजकूर कितीही लांब असो, त्याचा ठरावीक लांबीचा ठसा देते. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पूर्ण बदलतो. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच येण्याची शक्यता इतकी अल्प आहे, की व्यवहारात ती धरत नाहीत. तरी पद्धत निवडताना डोळे उघडे हवेत, कारण एसएचए-१ या जुन्या पद्धतीत २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या.

आता नोंद अशी होते: या ठशांच्या फाइली, या ठशाचा कंपायलर, ही आज्ञा, हे पर्याय, यांपासून हा माल तयार झाला. हेच सगळे ठसे पुन्हा समोर आले की माल साठ्यातून काढून द्यायचा. कंपायलर चालवायचाच नाही. सांबा आणि आरसिंक लिहिणाऱ्या अँड्रू ट्रिजेल यांनी सी-कॅशे नावाचं साधन याच तत्त्वावर केलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी निक्स उभारलं. त्यात प्रत्येक पॅकेज ज्या फोल्डरात राहतं त्याच्या नावातच त्याच्या साऱ्या कच्च्या मालाचा ठसा असतो. कच्चा माल वेगळा तर पत्ता वेगळा. पुण्याच्या त्या मुलाची अडचण तिथे उद्भवूच शकत नाही, कारण मंगळवारची जार आणि आजची जार एका नावाने राहूच शकत नाहीत.

हॅशमुळे आणखी एक सोय झाली, आणि ती मला सर्वांत देखणी वाटते. एका फाइलमध्ये कुणी फक्त टिप्पणी दुरुस्त केली, शुद्धलेखन सुधारलं. फाइल बदलली, तेव्हा ती कंपाइल करावीच लागेल. पण तयार झालेला तुकडा आधीच्या तुकड्याशी हुबेहूब जुळला तर? मग त्याच्या वरच्या कुणालाही उठवायचं कारण नाही. बदल तिथेच थांबतो. फाइलवरच्या वेळेवर विसंबणाऱ्या व्यवस्थेला हे जमत नाही, कारण नवा तुकडा नव्या वेळेचा. (टिप्पणीत एखादी ओळ वाढली तर चुका शोधण्यासाठी तुकड्यात साठवलेले ओळींचे क्रमांक सरकतात आणि ठसा बदलतो, म्हणजे इथेही तपशील सोडून चालत नाही.) २०१८ साली आंद्रेय मोखोव, नील मिचेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी सर्व बिल्ड साधनांची एका चौकटीत मांडणी करणारा निबंध लिहिला, आणि त्यात त्यांनी एक्सेललाही बिल्ड साधन म्हणून बसवलं. विचार करून बघा. एका रकान्यात आकडा बदलला की एक्सेल त्यावर अवलंबून असलेलेच रकाने पुन्हा मोजतं. इथे बसलेले हिशेबनीस ज्याच्या जोरावर काम करतात आणि प्रोग्रामर ज्याची वाट बघतात, तो प्रश्न एकच आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे आतल्या बदलाला आत ठेवणं. व्याजाच्या प्रोजेक्टात हिशेबाची रीत बदलली, पण बाहेरच्यांनी त्याला कसं बोलावायचं ते बदललं नाही, तर पडद्याचा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल करायचं काय कारण? सी शार्पच्या ७.१ आवृत्तीबरोबर कंपायलर खऱ्या डीएलएलसोबत, म्हणजे तयार तुकड्यासोबत, तिचा नुसता बाह्य सांगाडाही देऊ लागला. आत कृती नाही, फक्त बाहेर दिसणारी नावं आणि त्यांचे प्रकार. वरचे प्रोजेक्ट त्या सांगाड्यावरून कंपाइल होतात. सांगाडा बदलला नाही तर त्यांना पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, शेवटी नवी डीएलएल जागेवर ठेवली की झालं. जावासाठी बेझल आणि ग्रेडल ही बिल्ड साधनं हेच करतात. अर्थात, ज्याने आपल्या प्रोजेक्टात सगळंच सार्वजनिक ठेवलं आहे त्याचा सांगाडा रोज बदलणार. लिनक्समध्ये हे दुखणं हेडरांच्या गुंत्यातून येतं. २०२२ च्या जानेवारीत इंगो मोल्नार यांनी तो गुंता सोडवणारे २,२०० हून अधिक बदल एकदम मांडले आणि बिल्डचा वेग ५० ते ८० टक्के वाढेल असं सांगितलं. एका माणसाने एक वर्षाहून अधिक काळ हेडरं विंचरली. ती सगळी मालिका जशीच्या तशी गाभ्यात गेली नाही, पण कोडची मांडणी आणि बिल्डचा वेळ यांचं नातं त्याने ढळढळीतपणे सगळ्यांपुढे ठेवलं.

आकार वाढला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण गूगलचं. २०१५ च्या जानेवारीत त्यांच्या एकाच भांडारात सुमारे २ अब्ज ओळी आणि ९० लाख सोर्स फाइली होत्या, असं त्यांच्याच अभियंत्यांनी लिहिलं आहे. इथे ‘सगळं पुन्हा करू’ हा पर्याय अस्तित्वातच नाही. त्यांचं आतलं साधन २०१५ मध्ये बेझल नावाने सर्वांसाठी खुलं झालं. बेझलमध्ये मला आवडते ती त्याची शिस्त. प्रत्येक काम एका बंद खोलीत चालतं, आणि यादीत लिहिलेल्या फाइलीच तिथे ठेवल्या जातात. यादीत नसलेली फाइल कुणी मागितली तर ती सापडत नाही आणि बिल्ड तिथेच तुटतो. सुरुवातीला हे फार जाचक वाटतं. मुलं वैतागतात, म्हणतात, ‘फाइल तर समोर दिसतेय, मग घेत का नाही?’ पण खोटी यादी पहिल्याच दिवशी पकडली जाते, म्हणून नंतर वगळलेल्या प्रत्येक कामावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. मग साठाही एकट्याचा राहत नाही. एका सहकाऱ्याने सकाळी तयार केलेला माल दुपारी दुसऱ्याला नेटवर्कवरून तयार मिळतो.

आणि इथे थांबून एका धोक्याबद्दल बोलायला हवं. साठा सामायिक झाला की त्यात माल ठेवणाऱ्याच्या हाती सर्वांचा भरवसा जातो. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत सोलरविंड्स प्रकरण उघडकीला आलं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या बिल्ड सर्व्हरवर एक प्रोग्राम दडवला होता. तो एमएसबिल्ड सुरू व्हायची वाट बघत बसे. ओरायन या उत्पादनाचा बिल्ड लागला की एक सोर्स फाइल बदलून तिथे आपली ठेवायची, कंपाइल झालं की मूळ फाइल जागेवर परत. भांडारात बघावं तर कोड स्वच्छ. तयार मालात मात्र चोरवाट, आणि त्या मालावर कंपनीची अधिकृत सही. १८ हजारांपर्यंत ग्राहकांकडे तो माल गेला असावा, असं कंपनीनेच सांगितलं. तुमच्या सामायिक साठ्यात, म्हणजे कॅशेमध्ये, कुणाच्याही लॅपटॉपवरून माल ठेवता येत असेल तर असं करायला इतकी कारागिरीही लागणार नाही. लिहिण्याचा अधिकार फक्त बिल्ड सर्व्हरला, बाकी सर्वांना वाचण्याचा, हा नियम मी विनातडजोड पाळायला सांगतो.

यावर दुसरा पहारा आहे तो डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून चिकाटीने उभा केलेला. त्यांचा आग्रह असा, की तोच कोड, तीच साधनं घेऊन कुणीही, कुठेही बिल्ड केला तर माल बिट न बिट तोच यायला हवा. मग जर्मनीतल्या यंत्रावरचा आणि कोल्हापुरातल्या यंत्रावरचा माल शेजारी ठेवून तपासता येईल. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मालात बिल्डची तारीख-वेळ शिरते, यंत्रावरच्या फोल्डरचं नाव शिरतं, फाइली ज्या क्रमाने सापडल्या तो क्रम शिरतो. त्यांनी हजारो पॅकेजांमधून हे एकेक वेचून काढलं आणि तारखेसाठी एक सर्वमान्य चल ठरवून दिला. कॅशेच्या दृष्टीनेही हे काम अमूल्य आहे, कारण दर वेळी वेगळा माल देणाऱ्या टप्प्याच्या वरचं काहीच वगळता येत नाही.

वेगाबद्दलही एक गोष्ट राहिली. वगळायचं काय हे ठरवायलाही वेळ लागतो. क्रोमियम ब्राउझरच्या ३०,००० हून अधिक सोर्स फाइली होत्या, तेव्हा एक फाइल बदलल्यावर काम सुरू व्हायलाच तिथल्या जुन्या साधनांना दहा सेकंद लागत. इव्हान मार्टिन यांनी निंजा लिहून ते एका सेकंदाच्या आत आणलं. नऊ सेकंदांचं काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण दिवसातून पन्नास वेळा बिल्ड लावणाऱ्या माणसाला विचारा. दहा सेकंदांत त्याचा हात फोनकडे जातो, आणि डोक्यात जुळत आलेली गोष्ट विस्कटते. माणसाची एकाग्रता ही या धंद्यातली सर्वांत महाग गोष्ट आहे असं मी मानतो, आणि आपल्याकडे तिचीच सर्वांत जास्त उधळपट्टी होते.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरी करणाऱ्यांना एक काम देतो. उद्या आपल्या प्रणालीचा पूर्ण बिल्ड लावा. तो झाला की एकाही फाइलला हात न लावता लगेच दुसऱ्यांदा लावा. क्लीन नको, वगळण्याचा कोणताही पर्याय नको. दुसऱ्या बिल्डने काहीही करायला नको. तो काही करत असेल तर का, ते साधनालाच विचारा: मेकला ट्रेस, निंजाला एक्सप्लेन, ग्रेडलला इन्फो हा पर्याय द्या, डॉटनेटमध्ये लॉगची पातळी वाढवा. कोणत्या फाइलमुळे काम पुन्हा लागलं ते ही साधनं नावानिशी सांगतात. त्या यादीत सर्वांत खालचा, ज्याच्यावर बाकीचे टेकलेले आहेत, तो प्रोजेक्ट शोधा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. त्यानंतर रात्री एकदा बिल्ड सर्व्हरवर रिकाम्या जागी सगळं पहिल्यापासून करून, त्याचा माल दिवसाच्या मालाशी ताडून बघायची व्यवस्था लावा. जिथे फरक दिसेल तिथे एखादी डिपेंडन्सी नोंदवायची राहिली आहे असं समजा, ती नोंदवा, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा ताडून बघा.